आपटताईची पेटी

माझी नणंद उंचीने चार फूट नऊ इंच आहे. हट्टाने किती आहे, ते अजून कोणाला मोजता आलेलं नाही. माझ्या नवऱ्याची ती धाकटी बहीण, माझ्याच वयाची, आणि लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून मला वहिनी म्हणते आणि माझं एक ऐकत नाही. लग्न का केलं नाहीस, असं कोणी विचारलं तर म्हणते, "राहून गेलं." जणू गॅस बंद करायचा राहून गेला.

एकतीस वर्षं तिने एका कारखान्यात काढली. तिथे प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी बनतात: चंचुपात्रं, चंबू, नळ्या. ती पॅकिंग विभागात होती. भट्टीवरची मंडळी स्वतःला कलावंत समजत आणि पॅकिंगवाल्यांना खोकी भरणारे. पण त्यांची कला फुटकी पोचली तर शिव्या पॅकिंगला, हेही ठरलेलं.

त्या विभागाची एक रीत होती. नव्या मापाचं खोकं तयार झालं की ज्याने ते बांधलं त्यानेच ते कमरेइतकं उचलायचं आणि फरशीवर सोडायचं. आधी चारही कोपऱ्यांवर, मग कडांवर, मग सपाट. आत मालाच्या मधोमध कागदासारख्या पातळ काचेची एक नळी ठेवलेली असे. तिला साक्षीदार म्हणत. खोकं उघडल्यावर नळी धड निघाली तर पॅकिंग पास. नळी तडकली तर बाकी सगळा माल शाबूत असला तरी पॅकिंग नापास, पुन्हा पहिल्यापासून. इतर लोक हे काम उरकून टाकत. आमची बाई जीव लावून आपटायची. पलीकडच्या हिशेबनिसांच्या खोलीत टेबलावरचे कप हलायचे म्हणे. त्यावरून तिचं नाव पडलं आपटताई. घरीही आम्ही तेच उचललं. तिला ते आवडतं, फक्त तसं कबूल करत नाही.

सायकल तिच्या आयुष्यात उशिरा आली. पंचेचाळिसाव्या वर्षी कारखान्याची बस बंद झाली आणि घर ते कारखाना नऊ किलोमीटर. बाकीच्यांनी अर्ज केले, ही सायकलवर बसली. दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी शंभर किलोमीटर जाऊन जेवायच्या वेळेला परत यायला लागली. दुकानातली कुठलीही चांगली सायकल तिला उंच पडायची, म्हणून माझ्या नवऱ्याने तिच्यासाठी फ्रेम बनवली. त्याचं काम फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचं. सहा महिने तो पातळ नळ्या कापत, जोडत, फेकून देत होता. शेवटी जी सायकल झाली ती जगात एकाच माणसाला बसते. आमच्या मुलीने ती चालवायचा प्रयत्न केला तर तिचे गुडघे हनुवटीला लागले.

तीन वर्षांपूर्वी आपटताईने परदेशातल्या एका शर्यतीत नाव घातलं. एक लांबलचक घाट, चौऱ्याण्णव किलोमीटरचा, सगळा चढ. सात तासांत माथ्यावर पोचायचं. जो मागे पडेल त्याला मागून येणारी गाडी उचलून घेते, सायकलसकट. नंबर वगैरे तिला नको होता. त्या गाडीत बसायचं नाही, एवढंच.

सायकल नेण्यासाठी तिने स्वतः पुठ्ठ्याचं खोकं बांधलं. तिहेरी पुठ्ठा, कोपऱ्यांना लाकूड, बाजूंवर लाल बाण, ही बाजू वर. आमच्या अंगणात रीतसर आपटून झालं, साक्षीदार धड निघाला. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने एक कागद पुढे केला. मागे रांग खोळंबली होती. हिने चष्मा न लावता सही केली.

तिकडे खोकं उघडलं तेव्हा सायकलीचा मागचा भाग चपटा झाला होता. आपटताईची चूक अगदी तिच्या विभागाचीच होती. कारखान्याचा माल ट्रकने जायचा, उभा जायचा, एकावर एक किती ठेवायचे ते ठरलेलं असायचं, आणि बाणाला मान होता. विमानाच्या पोटात बाणाला कोण विचारतो? खोकं आडवं टाकलं आणि वर दहा जणांच्या बॅगा रचल्या. तिने पडण्याची परीक्षा घेतली होती, दबण्याची घेतलीच नव्हती.

तिथे भाड्याच्या सायकली होत्या. एकीवरही तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. ज्या शर्यतीसाठी वर्षभर घाम गाळला तिथे ती रस्त्याच्या कडेला उभी राहून दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती.

परत आल्यावर तिने भरपाईसाठी पत्र लिहिलं. विमान कंपनीने उत्तरात तिच्याच सहीच्या कागदाची प्रत पाठवली. त्यावर छापलं होतं: वस्तू नाजूक आहे, तिची बांधणी अपुरी आहे हे मला मान्य आहे, नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार नाही. खाली हिची सही, ठसठशीत. तो कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मला तो दिसला तेव्हा मी म्हटलं, "फाडून टाक ना, कशाला रोज बघतेस?"

ती म्हणाली, "सायकल मोडली त्याचं वाईट वाटलं, ते सरलं. दादाने परत जोडून दिली. पण इतकी वर्षं मी पॅकिंग केलं, आणि माझं पॅकिंग वाईट आहे हे मीच लिहून दिलं. हे सरत नाही, वहिनी."

मला तेव्हा त्या काउंटरवरच्या मुलीचा राग आला, कंपनीचा आला आणि चष्मा न लावणाऱ्या हिचाही आला.  

यंदा ती निवृत्त झाली. साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? लोक घड्याळ घेतात. हिने भंगारात पडलेली दोन मोठी कवचं मागितली. एक मोजमापाचं यंत्र त्यांत बसून कारखान्यात आलं होतं; कवचं कडक प्लास्टिकची, कडांना धातूची पट्टी. निरोपाच्या भाषणांनंतर ही बाई टेम्पोत त्या कवचांवर बसून घरी आली.

मग दोन महिने आमचं अंगण हे अंगण राहिलं नाही. दोन्ही कवचं बिजागऱ्यांनी जोडून पेटी झाली, खाली चार चाकं लागली. माझ्या नवऱ्याने आत चार खांब बसवले, झाकण मिटलं की वरचं वजन सायकलीवर न येता खांबांवर यावं म्हणून. सायकलीची चाकं काढून वेगळ्या कप्प्यात, पेडल पिशवीत, मागचं गिअर सोडवून फडक्यात गुंडाळलेलं, पुढच्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडी ठोकळा, म्हणजे तो दाबाने मिटणार नाही. आत आधी नवऱ्याची जुनी सायकल घालून परीक्षा झाली. मग आम्ही त्या पेटीवर उभे राहिलो: मी, माझा नवरा, आमची मुलगी आणि शेजारचे वकील, जे फक्त आवाज कमी करा म्हणून सांगायला आले होते. साक्षीदार धड निघाला.

"आता काही होत नाही," नवरा म्हणाला.

"तू नको सांगूस," ती म्हणाली, "नळी सांगेल."

निघायच्या दिवशी मी तिला सोडायला गेले. सकाळची वेळ, काउंटरवर गर्दी. गणवेशातल्या मुलीने पेटी काट्यावर घेतली, चिठ्ठी लावली आणि तोच कागद पुढे केला. अक्षर न अक्षर तोच. आपटताईने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि पूर्ण कागद वाचला. मागचा माणूस सुस्कारे टाकू लागला.

"बांधणी अपुरी आहे, हे कोणी तपासलं?"

"सायकल असली की सही घ्यायचा नियम आहे, मॅडम."

"नियम असू दे. तपासलं कोणी?"

मुलगी गोंधळली. तिने मागच्या खोलीतून मोठ्या साहेबांना बोलावलं. जाडजूड, शांत माणूस, असली भांडणं रोज मिटवणारा. तो म्हणाला, "बाई, सगळेच सही करतात. औपचारिकता आहे."

"औपचारिकता असेल तर ती ओळ खोडा. नाजूक आहे, मान्य. अपुरी बांधणी, हे मी लिहून देणार नाही."

"मग पेटी जाणार नाही. काउंटर पस्तीस मिनिटांत बंद होईल."

मी तिच्या कानाशी लागले. "अगं, करून टाक सही. पेटी भक्कम आहे, आपल्याला माहीत आहे ना. विमान चुकलं तर यंदाही गेलं सगळं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"साहेब, उघडून बघा."

"मला त्यातलं काय कळणार?"

"बरं. मग कळेल असं दाखवते." तिने पेटी काट्यावरून खाली ओढली. "वहिनी, पलीकडून धर. कमरेपर्यंत."

घरी आत जुनी सायकल होती. आता आत तिची होती. सहा महिने कापलेल्या नळ्या, तीन वर्षांची वाट, सगळं सव्वीस किलो. मी म्हटलं, "कोणाच्या कमरेपर्यंत? तुझी कंबर म्हणजे माझे गुडघे." ती हसली नाही. आम्ही पेटी उचलली, तिने एक कोपरा खाली केला आणि म्हणाली, "सोड."

मी सोडली.

तो आवाज अख्ख्या दालनात गेला. रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. दुसरा कोपरा. तिसऱ्याला सुरक्षारक्षक धावत आला, आणि साहेबांनी त्याला का कोण जाणे, हातानेच थांबवलं. चौथा. मग कडा, मग सपाट. मग ती मला म्हणाली, "चढ." मी चपला काढून भर विमानतळावर त्या पेटीवर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचा कोणाला उपयोग होत होता.

"साहेब, तुम्हीही या," ती म्हणाली. साहेब आले नाहीत. मागचा सुस्कारेवाला मात्र बॅग खाली ठेवून आला आणि माझ्या शेजारी चढला.

आम्ही उतरल्यावर तिने कुलपं उघडली. फ्रेमच्या मधोमध, मऊ कापडात, काचेची नळी होती. तिने ती दोन बोटांत धरून दिव्यासमोर फिरवली, आधी स्वतः पाहिली, मग साहेबांच्या हातात दिली.

"हिला साक्षीदार म्हणतात. फुटली असती तर सही केली असती."

साहेबांनी नळी बराच वेळ पाहिली. मग त्यांनी पेन काढलं, कागदावरची ती ओळ खोडली, बाजूला स्वतःची सही केली आणि म्हणाले, "कोणाला सांगू नका." तिने उरलेल्या ओळींवर सही केली. नळी परत जागच्या जागी ठेवली, पेटी बंद केली, आणि ती पट्ट्यावरून पडद्याआड जाईपर्यंत तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"पोचली?" मी विचारलं.

"पोचली. पेटीचा एक कोपरा आत गेलाय. कोणीतरी आपल्यापेक्षा वरून टाकली."

"आणि सायकल?"

"ओरखडासुद्धा नाही. जोडून चक्कर मारून आले." मग ती म्हणाली, "साक्षीदार फुटला, वहिनी."

तिच्या हिशेबात याचा अर्थ एकच होता आणि तो मला पाठ होता. मी म्हटलं, "सायकल धड आहे ना? मग झालं."

"झालं नाही. पॅकिंग नापास. कोपऱ्यात अजून दोन बोटं फोम हवा. आल्यावर बघू."

शर्यत तिने सहा तास एकावन्न मिनिटांत पुरी केली. तिच्या मागे फक्त ती माणसं उचलणारी गाडी होती. शेवटचे चार किलोमीटर ती गाडी तिच्या मागच्या चाकाला चिकटून चालली होती म्हणे, आणि आत बसलेला माणूस दर वळणावर दार उघडून दाखवत होता. हिने एकदाही मागे पाहिलं नाही.

ती परतली तेव्हा मी आणायला गेले. ठेचलेल्या कोपऱ्याची पेटी ढकलत बाहेर आली, नाक उन्हाने सोललेलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तिकडून येतानाही तो कागद पुढे केला असेल?"

"केला ना. त्यांच्या भाषेत होता, पण मला ओळखता आला."

"मग या वेळी केलीस की नाही सही? नळी तर फुटलीच होती."

"नाही केली. ती ओळ आधी खोडायला लावली."

"अगं, पण पॅकिंग नापास आहे, तूच म्हणालीस."

"मीच म्हणाले," आपटताई म्हणाली. "ते मी म्हणायचं. त्यांनी नाही."

तिने पट्टा लावला. घरी पोचेपर्यंत फोम कुठे स्वस्त मिळेल ते सांगत होती.