बाजाच्या नळ्यांची कलई

झुबेदानं, माझ्या धाकट्या जावेनं, देगचीतली अंबाडीची भाजी माझ्यापुढं वाढली, आणि मी म्हणाले, माझा रोजा आहे.

"आज रोजा? भाभी, येवढ्या पाक-नमाजी कधीपासून झालात?" ती हसली, अन् त्याच भाजीचा घास तिनं मांडीवरच्या लेकाला, शमशूला भरवला.

मी बघत बसले. देगचीत काय आहे ते मला त्या सकाळीच कळलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

नळदुर्गातल्या जुन्या चर्चमध्ये गोऱ्या साहेबांनी नळ्यांचा मोठा ऑर्गन बसवला होता. आम्ही त्याला बाजाच म्हणायचो. निजामाचं राज्य गेलं, साहेबही गेले, बाजा मुका झाला. मी तिथं झाडलोट करायचे. छप्पर गळून भाता कुजला, बारक्या नळ्या निखळून फरशीवर पडल्या. मऊ, चकचकीत — मला वाटलं, कथील. नवरा कलईवाला. पदराखाली घेऊन आले. भंगारातून आणल्या म्हणाले. कलईचा रंग मळका आला. गिऱ्हाइकाला चालणार नाही, म्हणून त्यानं ती भावाच्या, झुबेदाच्या घरच्या देगचीला लावली.

पुढं चर्चवाल्यांनी बाजा पुन्हा उभारायला घेतला. हैदराबादहून मिस्त्री आला. सतरंजीवर नळ्या मांडून एकेक फुंकून बघायचा. बारक्या कमी पडल्या. त्या सकाळी त्यानं मला विचारलं. मी काय सांगणार? माहीत न्हाय, म्हणाले.

"कलईला नेल्या असतील तर वाईट," तो म्हणाला. "शिसं आहे त्यात. आंबट शिजवलं की विष उतरतं."

शमशूचं पोट कधीचं दुखत होतं. हकीम झाला, ताईत झाला. मी झाडू टाकून पळत सुटले — सांगायलाच निघाले होते, खरंच. पण झुबेदाच्या उंबऱ्यातच थबकले. चोर म्हणतील. नवऱ्याकडं भांडी कोण देईल? तो मला ठेवील का? जीभ हलेना. हलली ती रोजासाठी.

देगची फेक, एवढंच म्हणायचं होतं. कारण खोटं दिलं असतं तरी चाललं असतं. रोजा खोटा सांगता आला ना?

दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही. तिसऱ्याही नाही. मग शमशूला झटके यायला लागले.

मिस्त्रीनं नव्या नळ्या ओतल्या. बाजा वाजला, आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आला. तोवर शमशूला पुरलं होतं.

झुबेदा वाचली. तिचा नवरा वाचला. मी वाचले.