पंख्यातल्या अक्षता

कॉम्प्युटर सुरू होऊन लगेच बंद पडत होता. दुरुस्तीला आलेल्या साळुंखेंनी डबा उघडला, चिमट्याने पंख्यातून कुंकू लागलेले दोन तांदूळ काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"दसऱ्याच्या अक्षता. जाळीतून आत पडतात आणि सरकत सरकत पंख्यात अडकतात."

"आई पूजा करते याची," मी म्हणालो.

आईला माउस धरता येत नसे, पण लेकाची भाकरी या डब्यावर आहे, एवढं तिला ठाऊक होतं. यंदाच्या दसऱ्याला ती नव्हती आणि पूजेची आठवण कुणालाच झाली नाही. माणसाचे आशीर्वाद कुठे जाऊन अडकतात, सांगता येत नाही.

पंखा फिरू लागला. हत्यारं आवरताना साळुंखे म्हणाले, "आईंना सांगा, पुढच्या वर्षी जरा लांबूनच टाका."

"सांगतो," मी म्हणालो.