लिलाव काकींचा गळा

अन्याय लिलाव काकींवर झाला. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला. गळ्यावर लिंबाएवढी गाठ, तीन महिने बसलेला आवाज, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, "रोज ओरडता ना? बसणारच. गुळण्या करा." गळ्याला हातसुद्धा लावला नाही. मी शेजारी उभी होते. अन्यायाविरुद्ध गावभर पत्रकं वाटणारी मी, गप्प. पुढची नारळी पौर्णिमा आली तेव्हा काकींना धाप लागत होती.

तारकर्लीच्या अलीकडे आमच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव काकी पुकारायच्या. बोली लावणारे सगळे पुरुष, पुकारणारी ही एकटी बाई. होडी वाळूला लागायच्या आत ती हाकणाऱ्या तांडेलाला दर ऐकू जायचा. कुणी बोली पाडली की म्हणायच्या, "सुरमय मागतस काय तिची सावली?"

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात सर्जनबाईंनी कागदावर गळा काढून दाखवला. "काकी, थायरॉइडचा कॅन्सर आहे. गाठ श्वासनळीला चिकटलीय. आवाजाची एक नस तिच्यात अडकलीय. सुटली तर सोडवीन."

"आणि नाय सुटली तर?"

"कापावी लागेल. पूर्वीचा आवाज राहणार नाही."

काकींनी कागदावरच्या गळ्यावरून बोट फिरवलं. ज्या आवाजावर घर उभं केलं, तोच द्यायचा होता. मग म्हणाल्या, "मासो सोडवताना जाळा फाटता, डॉक्टरानू. फाडा. पण गाठ अर्धी ठेव नकात."

नऊ तास लागले. थायरॉइड काढली, मानेतल्या गाठी काढल्या, श्वासनळीवरचा थर खरवडला. नस सुटली नाही.

नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस होता. त्याआधी दोन आठवडे मासे बंद, आयोडीनचं मीठ बंद. काकींनी शब्द पाळला. बाराव्या दिवशी मला कळलं, पेजेबरोबर सुक्या जवळ्याची चटणी रोज चालू आहे!

"जवळो म्हंजे काय मासे?" त्यांनी मलाच झापलं, कुजबुजत.

"मगे सोमवारी कित्या नाय खातस?" मी विचारलं.

त्यांनी चटणीची बरणी माझ्या हातात दिली. डोस पुढे गेला, पथ्य पहिल्यापासून.

काकी किनाऱ्यावर परतल्या तेव्हा त्यांच्या पुतण्याने भोंगा आणून ठेवला होता. "तो वडेवाल्याक दी," म्हणाल्या, आणि टोपलीपाशी उभ्या राहून त्या फाटक्या, हवेसारख्या आवाजात दर बोलल्या. बर्फाच्या टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. कोकलणारे बाप्ये चार पावलं पुढे सरकले, माना वाकवून ऐकू लागले. सगळा किनारा एका बाईच्या कुजबुजीसाठी गप्प झालेला मी पाहिलाय. कुठल्या पुढाऱ्याच्या सभेत असं करून दाखवा!

मी त्यांच्यावर पत्रक लिहिलं, वाचून दाखवलं. "ह्यात 'शासन' सात येळा असा. 'गळो' एकदाय नाय," म्हणाल्या.

आता दर गुरुवारी त्या गावातल्या बायकांना घेऊन त्याच दवाखान्यात जातात. टेबलासमोर उभ्या राहतात. "आदी हात लावा, मगे लिवा." डॉक्टर उठतात.

म्हणून हे शासनासाठी लिहिलेलं नाही, तुमच्यासाठी आहे. आज आईला पाण्याचा घोट घ्यायला सांगा आणि तिच्या गळ्याकडे बघा. गाठ दिसली, किंवा आवाज तीन आठवडे बसलेला असला, तर तिला घेऊन जा. तिच्या गळ्याला डॉक्टरांचा हात लागेपर्यंत तिथून हलू नका. आणि माझ्यासारखे गप्प उभे राहू नका.