काट्यावर कवडूभाऊ

कवडूभाऊ चोरून पाणी पितो, असा वानाडोंगरीत बोभाटा झाला, तेव्हा मी संशय घेतला तो डायलिसिस सेंटरच्या काट्यावर. वीस वर्षं रेशन दुकानांपुढे भांडून मला एवढं कळतं: गरिबाचं काही कमी-जास्त भरलं की आधी काटा तपासायचा, माणूस मागून.

कवडूभाऊ कुहीकडच्या खेड्यातला. हिंगण्याच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्रेस मशीनवर उभा राहिला. आता वय छप्पन्न. दोन्ही किडन्या निकामी, म्हणून आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. दिवसाला एक लिटरचीच मुभा, त्यातच चहा आणि वरण. रुख्मिणीवहिनीचा बंदोबस्त कडक. माठाच्या झाकणावर ती ज्वारीचे सात दाणे मोजून ठेवायची. झाकण हललं की दाणे पडणार, आणि दाणे पडले की नवऱ्याची झडती.

आजारी माणसानं पडून राहावं, हा आपला घरगुती कायदा. दोन वर्षं भाऊ खाटेवर. तांब्या उचलला तरी कोणीतरी हातातून काढून घ्यायचं. पायांच्या काड्या झाल्या. मग दिवाळीनंतर पुतण्याच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, तो हट्टानं पंगतीत खाली बसला, आणि जेवण झाल्यावर उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला तुरीच्या पोत्यासारखा उचलला. सोयरे पाहत होते. घरी येताना गाडीत एवढंच बोलला, "लग्नाच्या पंगतीतून मी आपल्या पायानं उठीन. नाही तं जेवाले बसतच नाही."

लग्न एप्रिलात होतं.

सेंटरमधली टेक्निशियन गुंजन, जीभ तिखट असलेली पोट्टी. तिनं डॉक्टरांना विचारून भाऊला कामाला लावलं. रोज दहा मिनिटं चालायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. डायलिसिसच्या पहिल्या तासात पलंगाला लावलेली पायडलं मारायची. हे ऐकून माझं डोकं फिरलं. तडक सेंटरवर गेलो.

"हा कोणाचा प्रयोग आहे? गरीब सापडला म्हणून रक्तही काढता अन् सायकलही चालवता?"

"प्रयोग नाही भाऊ, व्यायाम आहे," गुंजन म्हणाली. "तुमचं पोट पाहून तं तुम्हालेच पायडल लावावं वाटून राहिलं मले."

आठही पलंग हसले. मी हसलो नाही. डॉक्टरांनी लिहिलेला कागद तीनदा वाचला, आणि मगच भाऊला म्हटलं, मार.

चार महिन्यांत दहा मिनिटांची चाळीस झाली. भाऊ सकाळी टी-पॉइंटच्या चौकापर्यंत जाऊन येऊ लागला. भूक लागू लागली. रोजची दोन अंडी, जी पूर्वी वहिनी जबरदस्तीनं भरवायची, ती मागून खाऊ लागला.

आणि तिथूनच ओरड सुरू झाली.

प्रत्येक पेशंटच्या कार्डावर त्याचं सुकं वजन लिहिलेलं असतं. अंगात जादा पाणी नसताना जेवढं भरतं, तेवढं. भाऊचं होतं बावन्न. येताना जेवढे किलो जास्त, तेवढं पाणी मशीननं काढायचं. भाऊ आता साडेपंचावन्न भरत होता. साडेतीन लिटर काढायला लावलं की पिंडऱ्या वळायच्या, बीपी पडायचं, डोळे पांढरे व्हायचे, आणि मशीन मध्येच थांबवावं लागायचं.

"काका, तुम्ही पाणी पिऊन राहिले," सेंटरवाले म्हणायचे.

"नाही बाप्पा."

"मंग वजन काय हवेनं वाढते?"

वहिनीनं ऐकलं, आणि तिचा संशय टी-पॉइंटजवळच्या पाणपोईवर गेला. घरचे दाणे तर जागचे हलत नव्हते! तिनं भाऊचे बूट गव्हाच्या कोठीत टाकले आणि वर कुलूप ठोकलं. लग्नाला तीन आठवडे होते. भाऊ पुन्हा खाटेवर.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्या विक्कीकडून सरकारी शिक्क्याची वजनाची मापं मागून आणली. दहा-दहा किलोची पाच. स्कूटी पार मागून बसली. सेंटरमध्ये सगळ्यांसमोर ती एकेक करून काट्यावर ठेवली. भाऊ बाजूच्या खुर्चीवर, वहिनी पदराची घडी आवळून उभी.

काट्यानं दाखवलं: पन्नास पूर्णांक शून्य.

मी मापं उतरवली, परत चढवली. पन्नास.

"चहा मागवू का भाऊ?" गुंजन मला म्हणाली. "दमले असाल."

माझा पारा चढला, आणि उतरायला जागा हवी होती. मी भाऊकडे वळलो. "कवडू, खरं सांग. पाणी पेला का गा?"

"तू बी? वा नेतेसाहेब. तिच्या तोंडून ऐकून घेतलं, ह्यायच्या तोंडून ऐकून घेतलं. आता तू."

"मंग वजन कुठून आलं?"

"हे लोखंड आहे गा. हे अंडे नाही खात. मी खातो!" त्यानं पँट गुडघ्यापर्यंत ओढली. "अंगात पाणी भरलं होतं तेव्हा इथं अंगठा दाबला की खड्डा पडे, चहा थंडा होईपर्यंत भरे नाही. दाब. दाब नं, तुले विश्वास नाही तं."

मी दाबला. खड्डा पडला नाही. पिंडरी हाताला भरीव लागली. तोवर वहिनीही खाली बसली आणि तिनं दुसरा पाय दाबून पाहिला. तिचा माझ्यावरही विश्वास नव्हता.

गुंजनचं हसू गेलं. तिनं कार्ड उचललं. बावन्नचा आकडा गेल्या पावसाळ्यातला होता, भाऊ खाटेवर होता तेव्हाचा. "काका, हे आधीच आमच्या ध्यानात याले पाहिजे होतं," ती हळूच म्हणाली, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरांनी छाती तपासली, पाय पाहिले, बीपीचे जुने आकडे चाळले. सुकं वजन एकदम नाही, दर खेपेला थोडं थोडं वाढवत नेलं, आणि चोपन्नवर आणून थांबवलं. पिंडऱ्या वळायच्या थांबल्या. चार महिने भाऊनं अंगावर मांस चढवलं, आणि आम्ही सगळे ते पाणी समजून उपसायला निघालो होतो.

बूट कोठीतून बाहेर आले, पिठूळ झालेले. पण वहिनी आता सोबत चालते. पाणपोईवर नजर ठेवायला, असं ती म्हणते. भाऊ म्हणतो, तिचेच गुडघे सुधारले.

कुहीला लग्नात पंगत बसली. भाऊ खाली बसला, बेतानं जेवला. मग एक हात गुडघ्यावर ठेवला, श्वास घेतला आणि उठला. मी लगेच मागे जाऊन पाहिलं, कोणी पाठीला हात दिला होता का म्हणून. कोणीच नव्हतं.

वहिनीनं मात्र वाकून त्याच्या पत्रावळीजवळचा पाण्याचा गिलास उचलला आणि उजेडात धरला. काठोकाठ होता.