खालांच्या कण्या

नव्या गव्हाचा वास आला की खालांचं सूप आठवतं. नाशिकरोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला उन्हाळ्यात गॅलरीत बसून गहू पाखडायच्या. कण्या कठड्यावर टाकल्या की चिमण्यांची झुंबड उडायची. पुढे कबुतरंही यायला लागली. माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर घाण दिसली, तशी मी तणतणले, "खाला, दाणे टाकणं बंद करा बरं!" "ठीक है बेटी," म्हणत त्यांनी कण्या पिशवीत भरल्या. कबुतरांचं काही अडलं नाही, ती एसीमागे ठाण मांडून बसली. चिमण्या मात्र हळूहळू दिसेनाशा झाल्या. नंतरच्या एका उन्हाळ्यात गहू पाखडून झाल्यावर खालांनी विचारलं, "आता टाकू का गं थोड्या?" मी घाईघाईने हो म्हटलं. त्या कितीतरी वेळ वाट बघत उभ्या राहिल्या. उतरली ती कबुतरंच.