वाय दाबण्याआधी

आमच्या घरात संगणकाला तोंडी नाही, पण लेखी आज्ञा द्यावी लागते. चित्रावर टिचकी मारून मी काही उघडलं, तर आमचे हे लगेच नाराज होतात. यांच्या मते ते मागच्या दाराने माल नेण्यासारखं आहे.

पैठणला एका सरकारी खात्याच्या स्टोअरमध्ये यांनी तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं. निवृत्त झाले आणि यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डब्यांवर क्रमांक चिकटवले. चहाचा डबा चार, हळदीचा अकरा. नवी हळद काढायची म्हटलं की विचारायचे, "आधीची संपली का? दाखव." सहा महिने मी सोसलं आणि मग पुण्यातल्या लेकीला फोन केला, "तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग दे, नाहीतर मी सिल्लोडला माहेरी जाते."

तिने तिचा जुना लॅपटॉप पाठवून दिला. त्यात लिनक्स होतं. नवा प्रोग्राम हवा असेल तर काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: सुडो ॲप्ट इन्स्टॉल आणि पुढे प्रोग्रामचं नाव. की ॲप्ट नावाचा पॅकेज मॅनेजर इंटरनेटवरच्या भांडारातून तो आणून बसवतो. लेक फोनवर समजावत होती, "बाबा, एक गोष्ट मागितली की ती चालायला जे जे लागतं, ते सगळं तो सोबत आणतो. आधी यादी दाखवतो. पुढे जाऊ का, म्हणून विचारतो. तुम्ही वाय, म्हणजे येस, दाबलं तरच हलतो."

"म्हणजे पंपाच्या मागणीचं इंडेंट टाकलं की नट, बोल्ट, वायसर एकाच चिठ्ठीवर!" यांचे डोळे चमकले. "अगं, हा तर स्टोअरकीपर आहे. आणि लई शिस्तीचा आहे."

त्या दिवसापासून माझी हळद सुटली. यांनी लांबट रजिस्टर आणलं, रकाने आखले: क्रमांक, मागणी, काय काय सोबत आलं, शेरा. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, याचंही यांना कौतुक. "किल्ली कुठं ठेवतो ते लोकांना दाखवायचं नसतं," म्हणाले. मलाही हे ओळी टाइप करूनच सगळं उघडायला लावायचे. मी लिहायला बसायचे तेव्हासुद्धा लिहिण्याच्या प्रोग्रामचं नाव टाइप करून, एंटर दाबून, रीतसर.

लिहायला बसायचे, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं करत होते. तरुणपणी कॉलेजचं दुसरं वर्ष झालं तेव्हा माझं लग्न झालं होतं. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म मी आणून ठेवला होता. यांनी तो घेतला, "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि फाइलीत लावला. मला विचारलं नाही. फाइल कपाटात गेली, लेक झाली, कपाटं दोनदा बदलली. मी रोज उठून त्यावर भांडले असं नाही. पण तो राग माझ्या मनातून कधी गेला नव्हता, हे खरं आहे.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. मी विषय घेतला सिल्लोडच्या आठवडी बाजारात माल विकणाऱ्या बायकांचा. दर आठवड्याला एसटीने जायचे, त्यांच्या पोत्याशेजारी बसायचे, घरी येऊन थेट लॅपटॉपवर लिहायचे. एक मिरचीवाली मला म्हणाली होती, "लिहितीस तर नीट लिही बाई. माझं माप कधी कमी भरत नाय, हे बी लिही." मी लिहिलं होतं. साठ पानं झाली होती. "आई, दुसरीकडं एक प्रत ठेव," असं लेक सांगत होती आणि मी "ठेवते, ठेवते" म्हणत होते.

प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचं पान झालं. जेवून मी कूलरसमोर आडवी झाले. यांनी ती वेळ साधून लॅपटॉपची वार्षिक पडताळणी काढली. त्यात यांना पत्त्यांचा खेळ सापडला. "हा कोण वापरतं?" यांनी विचारलं. मी वापरत होते, पण साठ पानं लिहिताना मधूनमधून पत्ते खेळत होते, हे कबूल करायला मी तयार नव्हते. झोपेचं सोंग घेतलं आणि मग खरंच झोपले.

पुढचं मला नंतर कळलं. यांनी खेळ काढून टाकला. खेळ एका मोठ्या संचाचा भाग होता, तो संच मोडला. तेव्हा ॲप्टने कळवलं की आता या बाकीच्याही वस्तू कुणाला लागत नाहीत, हव्या तर काढून टाका.

हे वाक्य यांनी नोकरीभर ऐकायची वाट पाहिली होती. स्टोअरमध्ये गंजलेले पंप, फुटक्या टाक्या असा डेडस्टॉक पडून असायचा. तो यादीतून काढायचा म्हणजे निर्लेखन. त्याला समिती लागते, सह्या लागतात, आणि समिती काही येत नाही. तेच पंप दरवर्षी मोजून हे निवृत्त झाले. इथं समिती नव्हती. एक आज्ञा आणि एक वाय. यादी पडद्यावरून सरसर खाली गेली. जो माणूस वायसरसुद्धा चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय देत नसे, त्याने ती यादी न वाचता वाय दाबलं. वर काम चोख झालं म्हणून लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

"अगं, उठतेस का जरा?" असा आवाज यांनी या आधी एकदाच काढला होता, शेजाऱ्यांच्या भिंतीला स्कूटर धडकवली तेव्हा.

पडदा काळा होता. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, वर कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ.

"माझा प्रकल्प कुठं आहे?"

"असंल."

"असंल म्हणजे?"

उद्या दुपारी बारापर्यंत जमा झाला नाही तर वर्ष गेलं. आणि मग पस्तीस वर्षं न काढलेलं वाक्य तोंडातून निघालं, "तेव्हाही तुम्ही माझा फॉर्म असाच मला न विचारता फाइलीत लावलात."

यांनी लेकीला फोन लावला. ती आधी यांना बोलली, मग म्हणाली, "आई, रडू नको. नाव आणि पासवर्ड टाक. आता एल, एस आणि एंटर." मीच टाइप केलं. काळ्या पडद्यावर फाइलींच्या नावांची ओळ उमटली. तिच्या टोकाला होतं: सिल्लोडच्या-बायका-शेवटचं. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि रडू नको म्हटल्यावरही रडले.

"ॲप्ट आपण लिहिलेल्याला हात लावत नाही," लेक सांगत होती. "त्याने आणलेलं तेवढंच तो नेतो."

"व्हय," हे हळूच म्हणाले. "माल परत करताना कामगारांचे डबे कुणी जमा करत नाय."

पण ते उघडायला आणि छापायला लिहिण्याचा प्रोग्राम आणि खिडक्या परत हव्या होत्या. यांनी तारेने फोन जोडून इंटरनेट सुरू केलं. लेकीने सांगितलेली ओळ अक्षर अक्षर तपासून टाइप केली. यादी आली. या वेळी यांनी ती चष्मा पुसून, वरपासून खालपर्यंत, मोठ्याने वाचली. लेक पलीकडे उसासे टाकत होती. शेवटी मशीनने विचारलं, पुढे जाऊ का?

यांनी वाय दाबलं नाही. हात मांडीवर घेतले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जाऊ का पुढं?"

मी माठापाशी गेले. तांब्याभर पाणी सावकाश प्याले. हे तसेच बसून होते. मग मी त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि वाय स्वतः दाबलं.

चार वाजेपर्यंत सगळं परत आलं. मी प्रकल्प उघडला. पहिलंच पान ऋणनिर्देशाचं. हे माझ्या मागे उभे राहून वाचत होते. बाजारातल्या बायका होत्या, लेक होती, जागा धरून ठेवणारा सिल्लोड गाडीचा वाहक होता.

"यात मी नाय," हे म्हणाले.

"नाही."

"बरोबर आहे," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. चार नंबरचा डबा उघडल्याचा आवाज आला. मला वाईट वाटलं. मी एक ओळ वाढवली.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या दुकानात छपाई झाली. यांनी पानं हातात घेतली आणि तिथंच, गिऱ्हाइकांच्या धक्क्यांत उभं राहून पहिलं पान तळापर्यंत वाचलं. तळाशी होतं, "माझ्या यजमानांचे आभार. यंदा त्यांनी आधी विचारलं."

यांनी पानं नीट जुळवली, पाकिटात घातली, पाकीट माझ्या हातात दिलं. मग विचारलं, "जमा करायला मी येऊ का?"

"या," मी म्हणाले.