बटणकाकांचा नियम

बटणकाकांना ऐकू येत नाही हे मला त्यांच्याकडून आठ वर्षं दोरे घेतल्यावर कळलं, तेही काकूंनी सांगितलं म्हणून. मी घरी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. आठवड्यातून तीनदा तरी त्यांच्या दुकानाची पायरी चढायचे, आणि कधीही शंका आली नाही. मी म्हणायचे, 'काका, निळ्यातला जरा गडद,' आणि ते बरोबर गडद रीळ काढायचे.

तरुणपणी ते छापखान्यात यंत्रावर होते. बावीस वर्षं त्या खडखडाटात काढली. एक कान पार गेला, दुसऱ्यात जेमतेम काहीतरी उरलं. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. दहा बाय आठची जागा, आणि भिंतभर लाकडी खण. प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना त्यांनी स्वतः दोऱ्याने शिवून ठेवला होता. बोलणारा समोर असला की ते ओठांवरून सगळं वाचायचे. ब, प आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तेवढीच काय ती पंचाईत. एकदा एका बाईंनी मण्यांची माळ मागितली, तर काकांनी विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे. असं काही झालं की शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू नुसत्या तोंड हलवून त्यांना नीट सांगायच्या. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं दुकानात, आणि दुकान बंद केलं की जिन्याने वरच्या दोन खोल्यांत. काकू त्यांना हाक मारताना मुद्दाम 'ऐकलंत का' म्हणायच्या आणि स्वतःच हसत बसायच्या.

मग साथ आली. दोन महिने सगळं बंद होतं. दुकानं उघडली ती नियम घेऊन: दुकानदार असो की गिऱ्हाईक, मास्क लावल्याशिवाय आत यायचं नाही. काकूंना लहानपणापासून दमा. त्यांच्या डॉक्टरांनी काकांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की यांना हा आजार झाला तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही. त्या दिवसापासून काकू जिना उतरल्या नाहीत, आणि काका खाली एकटे पडले.

त्यांच्या दुकानाला तेव्हा बरे दिवस आले होते म्हणायचे, कारण ज्याला त्याला मास्क शिवायला इलॅस्टिक हवं होतं. मीही दिवसाला साठ-सत्तर मास्क शिवत होते. पण इलॅस्टिक न्यायला येणारे निम्मे लोक उघड्या तोंडाने यायचे. काकांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाक आणि तोंड झाकूनच आत यावे.' आठवड्याभराने खाली आणखी एक ओळ आली, 'हनुवटी झाकण्याची गरज नाही.' लोक वाचून हसायचे आणि मास्क हनुवटीवर ठेवूनच आत शिरायचे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची. एक जण म्हणायचा माझा श्वास कोंडतो, आणि बाहेर पडला की सिगारेट पेटवायचा. एक बाई आमच्या घरात अजून कोणालाच झालं नाही असं मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. कोणी रुमाल नाकाशी धरायचं आणि बोलताना खाली घ्यायचं, म्हणजे नेमकं जेव्हा झाकायचं तेव्हाच उघडं. एक निवृत्त शिक्षक होते, ते मास्क व्यवस्थित लावून यायचे, पण बाकीच्यांना इतकं झापायचे की लोक केवळ त्यांना खिजवायला मास्क काढायचे. आणि बरीचशी माणसं यातली कुठलीच नव्हती. ती नुसती कंटाळली होती.

काकांची अडचण वेगळीच होती. समोरच्याने मास्क काढला तर वर काकूंच्या जिवाला धोका, आणि लावला तर तो काय बोलतोय ते काहीच कळायचं नाही. वीस वर्षं लपवलेली गोष्ट आता लपवणं अवघड झालं. त्यांनी काउंटरवर वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवली. कोणी बोलायला लागलं की ते वही पुढे सरकवायचे. ऐकू येत नाही हे मात्र कोणाला सांगायचे नाहीत. लोकांना वाटायचं, म्हातारा आता बोलायलाही तयार नाही. एकाने तर वहीत लिहिलं, 'तुम्हाला माज आला आहे.' काकांनी ते वाचलं, पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, 'दोरा कोणत्या रंगाचा?' मी तिथेच उभी होते. मी त्या माणसाला खरं सांगायला हवं होतं. पण काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसले.

समोरच्या जनरल स्टोअरवाल्याने तीच संधी साधून बटणं आणि इलॅस्टिक ठेवायला सुरुवात केली. त्याच्याकडे कोणी कोणाला टोकत नव्हतं. गल्लीतल्या दुकानदारांची एक बैठक झाली. अधिकारी येणार होते, त्यामुळे त्या दिवशी मात्र झाडून सगळ्यांनी मास्क नीट लावले होते. काका दीड तास बसून होते. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्यांनीही केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वहीत लिहून सांगितलं की बैठकीत काय ठरलं: पाट्या सगळ्यांनी लावायच्या, पण गिऱ्हाइकाला जबरदस्ती करायची नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

'आणि मी हात वर केला,' ते म्हणाले. त्यांची पाटी मात्र तशीच राहिली आणि जबरदस्तीही.

कोपऱ्यावर टेलर मास्तर होते. शर्ट-पँट शिवायचे. काकांची आणि त्यांची दोस्ती चाळीस वर्षांची. रोज दुपारी दुकानं जरा निवांत झाली की मास्तर काकांकडे यायचे आणि दोघं जगाची उणीदुणी काढत बसायचे. साथ आल्यावर सुरुवातीला मास्तरही वहीत लिहायचे. पण त्यांना लिहिण्याचा भारी कंटाळा. एके दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, 'चाळीस वर्षं तोंडाने बोलतोय तुझ्याशी. आता काय चिठ्ठ्या पाठवू?'

काकांनी बोट वर दाखवलं, जिन्याकडे. मास्तर म्हणाले, लांब बसतो, दाराशी, दहाच मिनिटं.

मी दोन-तीनदा ते पाहिलं. दार अर्धं ओढलेलं, मास्तरांचा मास्क एका कानाला लोंबकळतोय, आणि काका त्यांच्या ओठांकडे टक लावून बसलेत. उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तसं. मग मास्तर काहीतरी बोलले आणि काका मोठ्याने हसले. चार महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी पाटी पाहिली, जिना पाहिला, आणि स्वतःशी म्हटलं, दहा मिनिटांनी काय होतंय. इलॅस्टिक घेऊन मी घरी आले.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांना ताप आला. त्यांच्या मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. काकांनी त्याच दिवशी दुकान बंद केलं आणि खालीच झोपायला लागले. पण तोवर त्यांना दुकानातल्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास येईनासा झाला होता. दोन दिवसांनी काकूंना धाप लागली.

गाडी आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. जवळ जायची परवानगी नव्हती. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली दोन माणसं काकूंना खुर्चीत बसवून जिन्याने खाली घेऊन आली. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. काका दुकानाच्या दारात उभे. त्यांच्यासमोर आल्यावर काकूंनी हात वर केला, खुर्ची क्षणभर थांबली, आणि त्या काहीतरी म्हणाल्या. छोटंसं काही नव्हतं, दोन-तीन वाक्यं असावीत. प्लास्टिकवर आतून वाफ धरली होती. काका पुढे वाकून त्या वाफेतून बघायचा प्रयत्न करत राहिले. मग गाडीचं दार लागलं.

त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, 'काय म्हणाली ती?'

मला ऐकू आलं नव्हतं. मी मान हलवली. गाडीतल्या माणसांना विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि नंतर ती माणसं कोण होती हेही कळलं नाही.

दवाखान्यातून फोन यायचे. काकांना फोनचा काय उपयोग, म्हणून त्यांनी माझा नंबर दिला होता. रोज सकाळी फोन आला की मी दुकानापाशी जायचे, खिडकीबाहेर उभी राहायचे आणि वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावायचे. 'रात्र ठीक गेली.' 'ऑक्सिजन वाढवला आहे.' 'जेवल्या नाहीत.' काका वाचायचे आणि आतून हात हलवायचे. सहाव्या दिवशी फोन आला, तेव्हा मी वही घेऊन निघाले. खिडकीशी उभी राहून 'काकू' एवढं लिहिलं. पुढे पेन्सिल चालेना. मग मी मास्क खाली केला आणि काचेतून म्हणाले, 'काका, काकू गेल्या.'

गिऱ्हाईक काही मागतं तेव्हा ते जशी मान डोलावतात तशी त्यांनी डोलावली. वळून ते खणांकडे तोंड करून उभे राहिले. मी बराच वेळ तिथेच थांबले. ते वळले नाहीत.

महिन्याने दुकान उघडलं, आणि मग जे सुरू झालं ते मला आजही सोसत नाही. गल्लीत सगळ्यांना एक दाखला मिळाला होता. दुधाच्या रांगेत, समोरच्या स्टोअरमध्ये, इमारतीच्या फाटकाशी तेच बोलणं. बघा, सगळ्या गल्लीत मास्क मास्क करणारा एकटा तोच, आणि आजार शिरला तो त्याच्याच घरात. म्हणजे मास्कने काही होत नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, त्यामुळे तर आणखीच वाईट. हळहळतच बोलायचे लोक. बिचाऱ्याने केवढी काळजी घेतली हो, म्हणायचे, आणि त्या वाक्याच्या जोरावर स्वतःचा मास्क खिशात घालायचे. ज्यांनी तोवर इमानाने लावला होता, त्यांच्यातलेही काही सैल झाले.

एकदा दोघी जणी काकांच्याच दुकानात, काकांच्याच समोर, मास्क खाली करून हे बोलल्या. त्याला कुठे ऐकू येतंय, असं त्यांना वाटलं. ऐकू येत नाही हे काचेवरच्या माझ्या पानांमुळे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, ओठ वाचतात हे नाही. मी मागे उभी होते. काकांचे डोळे एकीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर जात होते. एक अक्षरही सुटलं नसणार.

त्या गेल्यावर मी मास्क लावूनच वहीकडे हात नेला. काकांनी वही झाकली.

'तुला माहितेय,' ते म्हणाले. 'तू पाहिलंयस. नियम बरोबर होता. मीच मोडला. रोज दहा मिनिटं.'

मी मास्क काढून म्हणाले, 'मग सांगा ना लोकांना. निदान असं तरी बोलणार नाहीत.'

'सांगितलं तर मास्तरचं नाव येणार. तो मरता मरता वाचलाय. त्याला कळलं तर तो जगेल का?' मग म्हणाले, 'आणि तो माझ्यासाठी बोलायचा गं. मला बोलायचं होतं म्हणून.'

मीही पाहिलं होतं आणि गप्प बसले होते, हे मला म्हणायचं होतं. ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाटी काढली. कोणी काही विचारलं नाही. लोकांना वाटलं, शहाणा झाला.

मास्तर दवाखान्यातून आले ते अर्धे होऊन. काठी घेऊन चालायला लागल्यावर ते पहिल्यांदा काकांकडेच गेले. दाराशी बसले, मास्क खाली केला, बोलायला लागले. काका मान खाली घालून बटणं निवडत राहिले. न बघता त्यांना ऐकू येणार नव्हतं, हे मास्तरांइतकं कोणाला ठाऊक होतं? मास्तर पाच मिनिटं बोलले आणि उठले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. काका ना रागावले, ना त्यांना जा म्हणाले. त्यांनी फक्त वर पाहिलं नाही.

मास्तरांनी मला रस्त्यात गाठलं. 'बायको गेली, समजतो मी,' ते म्हणाले. 'पण माझ्याकडे बघतसुद्धा नाही. माझं काही चुकलं का गं? तू जातेस ना त्याच्याकडे.'

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी म्हणाले, 'तुमचं काही नाही, मास्तर. त्यांना थोडा वेळ द्या.'

पुढे सरकारने नियम उठवला. गल्लीत लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आता सगळे उघड्या तोंडाने दुकानात येतात, बोलतात, पण काका कोणाच्याच तोंडाकडे बघत नाहीत. गिऱ्हाइकांनाही सवय झाली आहे. हवा तो खण बोटाने दाखवायचा, काका मोजून देतात. मी गेले तरी तसंच. मीही बोट दाखवते.

मास्तर आता दोरे समोरच्या स्टोअरमधून घेतात. तिथला रंग एका धुण्यात जातो, असं ते मला परवा म्हणाले. मी म्हटलं, हो, जातो.